हाताला ओळखणारी मशीन

बारा वर्षं वापरलेली ड्रिल मशीन बंद पडली, म्हणून काशिनाथ मेस्त्री चिपळूणला खातूशेठच्या दुकानात नवी घ्यायला आले. दुसऱ्या कंपनीची मशीन हलकी होती, बॅटरीही दिवसभर पुरणारी होती. पण फळीवर टेकवून बटण दाबताच स्क्रू भलतीकडेच सरकला. मेस्त्रींनी पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तेच.

"जुनी मशीन तुमच्या हाताला ओळखून तोल सांभाळत होती," खातूशेठ म्हणाले. "ही तुम्हाला ओळखत नाही. आणि बारा वर्षं तिच्यावर विसंबून आता हाताला एकट्याने जमत नाही."

मेस्त्रींनी साधा स्क्रूड्रायव्हर उचलला. तोही खाचेत बसेना. त्यांना घाम फुटला.

"जुन्याच कंपनीची द्या," ते हळूच म्हणाले.

"मलाही तीच," त्यांची लेक अनघा म्हणाली. सुतारकामाला लागलेली ती आज आपली पहिली मशीन घेणार होती. "किती सफाईदार काम होतं तिच्यावर!"

"तुला नाही!" मेस्त्री ओरडले, तसं सगळं दुकान वळून बघायला लागलं.

त्यांनी वरच्या फळीवरची, हात न ओळखणारी जड मशीन काढायला लावली. अनघाचा पहिला स्क्रू तिरका गेला, दुसराही. ती रडकुंडीला आली.

"जाऊ दे तिरका," मेस्त्री म्हणाले. "तिसरा लाव."

घरी परतताना स्कूटर अनघाने चालवली. मागे बसलेल्या मेस्त्रींनी आपली नवी मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.