काउंटरचा आवाज

“परत,” सासूबाई म्हणाल्या. “आणि खाली बघू नकोस. खाली बघून मागितलं की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला सोपं जातं.”

सुनेने मान वर केली. जेवणाचं टेबल म्हणजे हॉटेलचा काउंटर होता. पलीकडे नाकावर चष्मा घेतलेल्या सासूबाई, अलीकडे ती, हातात रिकामी बॅग.

“गुड ईव्हनिंग. अ रूम फॉर वन, प्लीज.”

“अगं बाई, एका माणसाची खोली हिला कशाला?” शेजारीण हसली. वाटीभर साखर मागायला आली होती, ती फुकटची गंमत बघत बसली होती. “विमानतळावर नवरा येईल की न्यायला!”

“आणि विमान चुकलं तर? रस्त्यात बसेल का ती? असू देत चार वाक्यं जिभेवर.”

सासूबाईंची अख्खी नोकरी हॉटेलच्या काउंटरवर गेली होती. एरवी त्या चारचौघींसारख्याच सासू. चहा गार झाला की कुरकुर, दिवा चालू राहिला की बडबड. पण इंग्रजी सुरू झालं की कंबर ताठ व्हायची, आवाज मऊ व्हायचा आणि त्या मऊ आवाजापुढे कुणाची काय बिशाद होती बोलायची! सून बघतच राहायची. एवढ्याशा घरात एवढी मोठी बाई इतकी वर्षं कुठे लपून बसली होती, देव जाणे.

“काउंटरचे नियम दोन,” सासूबाई सांगायच्या. “खोली ज्याच्या नावावर, चावी त्याच्याच हातात. आणि उतरलेल्या पाहुण्याची चौकशी करत कुणीही येवो, मंत्री असो नाहीतर सख्खा भाऊ, आपलं वाक्य एकच. आय ॲम सॉरी, सर. वी डोन्ट गिव्ह आउट एनी इन्फर्मेशन अबाउट अवर गेस्ट्स. आमच्या पाहुण्यांची माहिती आम्ही देत नाही. सर म्हणायचं, हसायचं आणि तसूभर हलायचं नाही.”

“हे कुठल्या प्रवासात लागतं म्हणे?” शेजारणीने विचारलं.

“शिकलेलं वाया जात नाही. अगं, साखर घे ना.”

सून बरणीचं झाकण उघडायला गेली आणि कळवळली. “नवरा सुट्टीला आला होता तेव्हा न्हाणीघरात घसरली म्हणे, तेव्हापासून हिचं मनगट दुखतंच आहे की,” शेजारीण म्हणाली. सासूबाईंनी बरणी घेतली आणि स्वतः उघडली.

हा सगळा खटाटोप चिरंजीवांपायी होता. परदेशात नोकरी लागल्यापासून त्यांनी फोनवर एकच धोशा लावला होता. “इंग्रजीचा गंध नाही तिला. इथे येऊन चारचौघांत माझी शोभा करायची असेल तर तिथेच बरी आहे. बोलायला लागली की बोलावतो.” आणि सुनेला तर जायचंच होतं. या घराच्या चार भिंतींतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता तिला ठाऊक नव्हता.

म्हणून भांडी घासताना “हाऊ मच इज धिस?”, कपडे वाळत घालताना “विंडो सीट, प्लीज.” सासूबाई कधी विमानतळावरचा अधिकारी व्हायच्या, कधी उर्मट टॅक्सीवाला. दुपारी त्यांची नोकरीतली जुनी जोडीदारीण फोनवर तिची परीक्षा घ्यायची. ती अजूनही दूर एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात काउंटर सांभाळत होती. एकदा ती म्हणाली, “पोरीचा आवाज तयार झाला गं.” त्या दिवशी सुनेने आरशात स्वतःकडे निरखून पाहिलं. हे आपल्या तोंडून निघतं? आपल्या? तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मग एका रविवारी चिरंजीवांनी फोनवर इंग्रजीत प्रश्नांची सरबत्ती केली. सून एकदाही अडखळली नाही.

“पोपट बरा पढवलास, आई,” ते म्हणाले. “पाठव तिला.”

“तिकिटाचं मी बघते,” सासूबाई म्हणाल्या.

मध्ये एका मोठ्या शहरात विमान बदलायचं होतं. “सरळ विमान असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?” चिरंजीव करवादले.

“सलग बसून तिचे पाय सुजतात. मध्ये माझी जोडीदारीण भेटेल, चहा पाजेल.”

“भाग्यवान हो तुमचा मुलगा,” शेजारीण म्हणाली, “आई असावी तर अशी.”

“पोटचा गोळा आहे माझा,” सासूबाई म्हणाल्या. “तो कसा आहे ते मी जाणते.” आणि त्या रात्रीच्या भाताला तांदूळ निवडायला लागल्या.

निघताना सून पाया पडली ती उठेचना. सासूबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं, दुखऱ्या मनगटावरून अलगद हात फिरवला. “मान वर,” एवढंच म्हणाल्या. दार लावल्यावर मात्र पदर तोंडात कोंबून रडल्या.

संध्याकाळी मधल्या शहरातून फोन आला. सून लहान पोरीसारखी किंचाळत होती.

“आई, ढग खाली होते! पायाखाली! वर नुसता उजेड. एवढा उजेड असतो आई वर, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही!”

“खिडकी मिळाली?”

“मागितली. मी मागितली, आई!”

“आली का माझी जोडीदारीण?”

“समोर उभी आहे. हसतेय.”

“मग झालं तर. सांभाळून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. चिरंजीवांचा आवाज तापलेला होता. “आई, विमान कधीच उतरलं. सगळे बाहेर आले. ही कुठे आहे? फोन बंद आहे तिचा. तुला ठाऊक आहे, हो ना? सांग, कुठे आहे ती?”

सासूबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. कंबर ताठ केली. डोळे वाहत होते, पण आवाज मऊ होता आणि चेहऱ्यावर हसू होतं.

“आय ॲम सॉरी, सर. वी डोन्ट गिव्ह आउट एनी इन्फर्मेशन अबाउट अवर गेस्ट्स.”