काय शिजतंय

प्रार्थना चालू असताना त्या मुलीचे डोळे उघडे होते. ताईला हे कळलं, कारण तिचाही एक डोळा उघडाच होता.

चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आडोशाला तरुण संघ बसला होता. ताई दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि शनिवारी संध्याकाळी ही खोली उघडायची. इथे पोरं काहीही विचारायची. देव ऐकतो, तर मग आई का गेली? माझ्या मैत्रिणीला देवच पटत नाही, तिचं काय होणार? गॅरेजात काम करणारा एक जण तर बोलून गेला होता, "प्रार्थना करताना मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." त्यावर कुणी हसलं नव्हतं.

मग ही मुलगी यायला लागली. चर्चचा कारभार बघणाऱ्या थोरल्या पंचांची धाकटी. याच पंचांनी भर सभेत विचारलं होतं, "गिटार आणि गप्पा! याला संघ म्हणायचं की अड्डा?" आणि गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी ताईला बाजूला घेतलं. "ते भिंतीचं काय ऐकतोय मी?"

म्हणजे खोलीतली गोष्ट बाहेर गेली होती. गॅरेजवाला आज फिरकला नव्हता. खाण तशी माती, ताईच्या मनाने घेतलं.

आज तिने धोका पत्करला नाही. दहा आज्ञा काढल्या, एकेकाकडून म्हणवून घेतल्या. दोन गीतं, प्रार्थना, आमेन. गिटारवाला जांभई देत म्हणाला, "ताई, आज शाळेत तपासणी आहे का?" सगळे त्या मुलीकडे बघून हसले. ती हसली नाही.

पोरं पांगली. मुलगी मागे राहून बाक सरळ करू लागली. ताईने दार लोटून घेतलं.

"तुला बाबांनी पाठवलंय ना?"

"हो."

इतकं सरळ उत्तर ताईला अपेक्षित नव्हतं. "काय सांगून?"

"तिथे काय शिजतंय ते बघून ये, म्हणाले."

"आणि भिंतीचं तू जाऊन सांगितलंस."

"सांगितलं." मुलीने मान खाली घातली. "मला ते फार आवडलं होतं, ताई. मलाही तसंच वाटतं. भरात बोलून गेले. बाबांचा चेहरा बघितला, तेव्हा कळलं काय करून बसले ते. त्याच्या घरी गेले होते परवा, माफी मागायला. त्याने दार उघडलं नाही."

ताई तिच्याकडे निरखून बघत राहिली. हे खरं, की हेही पढवून पाठवलेलं? आता मी विरघळले, तर उद्या तेही पंचांच्या कानावर जाणार का?

"मग आज काय सांगशील घरी?" तिने कोरडेपणाने विचारलं.

"तीच तर पंचाईत आहे. दहा आज्ञा झाल्या म्हटलं, की बाबा खूश होतील. म्हणतील, काही वावगं नाही तिथे, आता तुला जायचं कारण नाही." ती बाकाची कड हाताने घासत राहिली. "एरवी मला कुठेच सोडत नाहीत ते. इथे सोडतात, ते तुमच्यावर भरवसा नाही म्हणून."

ताई कुलूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मुलगी दारापर्यंत गेली आणि थबकली.

"ताई, थोडं तरी संशय घेण्यासारखं बोला ना. दुसऱ्या कुणाचं नको. तुमचं स्वतःचं."

बाहेर गिटारवाला कुणाला तरी हाका मारत होता. ताईने कुलूप बाकावर ठेवलं आणि शेजारी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "आणि हे मात्र घरी जसंच्या तसं सांग."