खालून तीन ठोके

मारेगावजवळच्या कोळशाच्या खाणीत, अगदी तळाशी, मी यंत्र बसवलं होतं. साल १९६५. अंतराळातून येणारे वैश्विक किरण जन्मतात कुठं, हे मला शोधायचं होतं. तिथली खबर न्यूट्रिनो नावाचा सूक्ष्म कण आणतो, आणि तो अख्खी पृथ्वी भेदून पायाखालूनही येतो. खालून काही आलं तरच यंत्र वाजायचं. आठ महिन्यांत ते एकदाही वाजलं नाही. सोमवारी ते उचलून यवतमाळला न्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी, खाणीला सुट्टी असताना, मी आणि उकंडाभाऊ खाली उतरलो. ते घंटीवाले. माणसांची ने-आण करणारा पिंजरा त्यांच्या घंटीवर हलायचा.

मी तारा सोडवायला वाकलो आणि यंत्र वाजलं. टक, टक, टक.

थांबलं. पुन्हा तीन.

"साहेब, ह्याच्या खाली खाण हाये का?"

"नाई. नुसता खडक हाये."

"मंग तीन कोन देऊन राह्यलं?"

"तीन म्हणजे?"

"मानसं वर येनार हायेत, पिंजरा द्या."

"जवाब देऊ नका, भाऊ," मी म्हणालो. पण त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय. त्यांची बोटं खडकावर तीनदा वाजून गेली होती.

यंत्र गप्प झालं. मग एकच टक.

"एक म्हणजे?"

उकंडाभाऊंनी हात छातीशी ओढला. "बसले सारे. वढा."

आमच्या मागं पिंजऱ्याचं दार लागलं आणि पिंजरा वर निघाला. आम्ही दोघं अजून खालीच होतो.