डोक्याला ताप नसलेलं छप्पर

शिडी पडल्याचा आवाज आला तशी ती अंगणात धावली, आणि तिने वर बघितलं. दुमजली घराच्या उतरत्या छपरावर तिचे बाबा पालथे पडले होते. दोन्ही हात पसरलेले, गाल पत्र्याला टेकलेला. खाली फरशीवर शिडीचे दोन तुकडे.

घर तिचंच, आराखडाही तिचाच. आर्किटेक्ट म्हणून तिचं नाव झालं ते असल्याच छपरांवर. चांगला उतार, गुळगुळीत पत्रा, ना पन्हाळ ना कठडा. पाणी थांबत नाही, कचरा साचत नाही, वर चढायची वेळच येत नाही. वर चढणाऱ्याला दोरी बांधायच्या कड्या आधी आराखड्यात होत्या. त्याही तिनेच खोडल्या. कडी आली की भोक आलं, भोक आलं की गळती आली.

पण हे बाबांच्या गळी कोण उतरवणार? जन्मभर दर उन्हाळ्यात घराचं छप्पर झाडलेला माणूस. ज्याला हातच लावायचा नाही ते कसलं छप्पर, म्हणायचे. आज ती आंघोळीला गेली आणि हे झाडू घेऊन चढले.

नवरा आतून गाद्या ओढत आणत होता. अग्निशामक दलाला फोन झाला होता, बंब निघालाही होता.

"अगं," बाबा वरून म्हणाले. आवाज अगदी दबका, जोरात बोललं तर तोल जाईल असा. "तळहात घामेजलेत. धरायला जवळपास काय आहे? मला मान वळवता येत नाही. तूच सांग, उजवीकडे हात घालू की डावीकडे?"

त्या छपराचा इंच न् इंच तिला पाठ होता. धीर द्यायला काहीतरी खोटं सांगावं, तर ते हात उचलायचे.

"काही नाही, बाबा." तिला रडू फुटत होतं. "धरण्यासारखं काहीच ठेवलं नाही मी. तुम्ही फक्त हलू नका. बंब येईलच इतक्यात."

नवऱ्याच्या हातातली गादी तिथेच राहिली.

"मी हलत नाहीये गं," बाबा म्हणाले. "तरी खाली येतोय."