तिसरा प्रश्न

एलिशेबाबाईंनी फळ्यावर पोवाड्याच्या दोन ओळी लिहिल्या आणि एका शब्दाखाली रेघ ओढली.

उतरली सारी शिबंदी, पडला गड ओस जी,
प्रहराप्रहराला तरी डंका तीन दिवस जी.

“शिबंदी म्हणजे काय? अर्थ मी सांगणार नाही. ओळीतून काढा.”

“सामान, बाई,” वेणू म्हणाली.

“सामान आपलं आपण उतरतं का गं?”

मुली हसल्या. मागच्या बाकावरून गोदू उठली. मिठागरावर काम नसेल त्या दिवशीच ती शाळेत यायची.

“मानसं हायत, बाई. आपल्या पायांनी उतरली. आनि ती गेली तवा गड ओस पडला, म्हंजे राखनीला असतील.”

“बरोबर. बस.”

व्हरांड्यात मनासे येऊन उभा राहिला होता. बाईंचा धाकटा भाऊ. गुरुवारी तो बायको हेप्झिबा आणि मुलांना घेऊन इस्राएलच्या बोटीवर चढणार होता आणि आज बहिणीचा निरोप घ्यायला मुंबईहून आला होता. बाई मागे राहत होत्या. शाळेसाठी राहतात, असं गावात जो तो म्हणत होता. मुख्याध्यापिका कमळाबाईंनी तर शुक्रवारी दुपारी त्यांचा सत्कारही ठेवला होता. बाईंनी कुणाचंच म्हणणं खोडलं नव्हतं. आज मनासेच्या तोंडून त्यांना एक शब्द ऐकायचा होता. तो ऐकून काही बदलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ऐकायचा होता.

त्यांनी हातानेच त्याला ‘पाच मिनिटं’ अशी खूण केली आणि त्या वर्गाकडे वळल्या.

“पुस्तकातला तिसरा प्रश्न. तह झाला, गड खाली करायचा हुकूम आला, सगळे उतरले. किल्लेदाराची विधवा भावजय सगुणा तेवढी वर राहिली. खालच्या फौजेला वाटावं की गडावर अजून माणसं आहेत, म्हणून ती एकटी डंका वाजवत राहिली. ती का राहिली?”

“स्वामिनिष्ठेमुळे,” वेणूने सांगितलं. चारपाच जणींनी तेच सांगितलं. पुस्तकाच्या शेवटी तेच उत्तर छापलेलं होतं.

गोदूचा हात वर होता.

“तिला कोनी ‘चल’ बोललंच नाय, बाई.”

“कोणत्या ओळीवरून?” बाईंनी सवयीने विचारलं.

“ओळ नाय ना, बाई. तेच तर सांगतंय. मी सगला वाचला.” गोदूने पुस्तक जवळ धरलं आणि ओळींवरून बोट फिरवलं. “किल्लेदार मोतद्दाराला बोलला चल, घोडी घे. सुइनीला बोलला चल. पोपटाचा पिंजरापन न्यायला लावला, त्याची ओळ हाय. हिची नाय.”

“अगं, तिलाच नसेल जायचं,” वेणू म्हणाली.

“असंल. पन इचारायचं तरी!”

वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून ते कडवं पहिल्यापासून वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. बारा वर्षं त्या हा पोवाडा शिकवत होत्या.

“उत्तर लिही, गोदू,” त्या म्हणाल्या. “जसं बोललीस तसंच.”

घंटा झाली. मुली गोंधळ करत बाहेर पडल्या. मनासे दाराशी आला.

“आक्का, साडेचारची एस.टी. आहे. वेळ असा नाहीच.”

“जेवलास?”

“जेवलो. हेप्झिबाने तुला शालोम सांगितलंय. तिच्या आईचं सुरूच आहे, तिकडे पापड वाळतील का, लोणचं टिकेल का. ऐंशी वर्षांची म्हातारी, पण सगळ्यांच्या आधी ट्रंक बांधून बसलीय.” तो हसला. “तुझं बरं आहे बघ. शाळा आहे, मान आहे. तू काही यायची नाहीस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.”

“कशावरून?”

“काय कशावरून?”

“ठाऊक कशावरून होतं?”

मनासेने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “आता हे काय, आक्का? बोटीच्या यादीत नावं जाऊन तीन महिने झाले.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“तरी विचार.”

त्याने व्हरांड्याच्या टोकापर्यंत पाहिलं. हौदावर मुली पाणी पीत होत्या. इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याची हनुवटी लहानपणी रडण्याआधी हलायची तशी हलली.

“चल, आक्का,” तो हळूच म्हणाला. “आमच्याबरोबर चल.”

“छे रे,” एलिशेबाबाई लगेच म्हणाल्या. “पोरींची परीक्षा तोंडावर आली. शाळा कोण बघणार?”

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. घरातल्या रीतीप्रमाणे त्याने आपल्या बोटांत त्यांची बोटं घेतली, सोडली, आणि आपली बोटं ओठांना लावली. त्यांनीही लावली.

तो भराभर फाटकाकडे गेला. तिथे वळून त्याने हात हलवला. त्याच्या ओठांवर खडूचा पांढरा डाग उमटला होता. पुस, असं ओरडून सांगावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.