साडेतीनची सवारी

उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला व्यंकटने नेमकं वळणावरच ओव्हरटेक केलं, तेव्हा त्याचा मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला होता. समोरून लॉरी आली. मागच्या सीटवरच्या बाया किंचाळल्या. व्यंकटने प्रवाशांनी भरलेली क्रूझर जीप डावीकडे दाबली, चाकं खडीवरून खडखडली आणि गाडी पुन्हा डांबरावर आली.

"काही न्हाई, काही न्हाई," तो मागे बघत हसला आणि फोनवर म्हणाला, "हां, बोल की तू."

त्याच्या शेजारी बसलेल्या इंदिराबाई मात्र ओरडल्या नाहीत. दुबलगुंडीला उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"व्यंकट. कामून?"

"रोज याच वेळेला असतोस?"

"हुमनाबादहून चारला निघतो. माझ्या आधी कुणीच पोचत न्हाई, बाई. कुणालाबी इचारा."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साडेतीनलाच हुमनाबादच्या स्टँडवर हजर. तास-दीड तास गाडी पाहिजे, एकटीला, रोज. शनिवार-रविवार सोडून. सगळ्या सीटांचं भाडं देईन म्हणाल्या. व्यंकटला वाटलं, म्हातारीला आपलं ड्रायव्हिंग आवडलं. स्टँडवरच्या बाकीच्यांना त्याने दोनदा तरी ते ऐकवलं.

दुबलगुंडीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच शाळा होती. तिथे त्या म्हणाल्या, "त्या लिंबाखाली लाव."

त्याने लावली.

"बंद कर."

त्याने इंजिन बंद केलं. सव्वाचारला शाळा सुटली. दप्तरं पाठीवर टाकून पोरं रस्त्याच्या कडेला गोळा झाली, एकमेकांना ढकलत पलीकडे गेली, वस्तीकडच्या पायवाटेला लागली. बाई काचेतून बघत राहिल्या. शेवटची दोन पोरं वाटेत चिंचा शोधत रेंगाळली होती. तीही दिसेनाशी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "चल आता. घरी सोड मला."

असंच रोज. दुपारच्या बसने त्या हुमनाबादला यायच्या, ते फक्त याच्या गाडीत बसून परत जायला. पहिल्या आठवड्यात व्यंकटला हे वेडेपण वाटलं. मग स्टँडवर भीमण्णा नावाचा जुना ड्रायव्हर होता, त्याच्याकडून कळलं की बाईंनी याच शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं. म्हणजे पोरं बघायला येते, एकटी आहे बिचारी, असं व्यंकटने मनाशी ठरवलं.

बसून बसून त्याचा जीव कावायचा. स्टेअरिंगवर बोटं वाजवायचा, आरशात केस बघायचा. बाई डब्यातून कधी शेंगदाण्याची पोळी द्यायच्या, कधी हुरडा. बोलायच्या कमी.

एकदा त्यानेच विषय काढला. "बाई, गेल्या साली इथंच एक पोरगी गेली न्हाई का? क्रूझरखाली?"

"हो."

"ती गाडी माझी नव्हती बरं."

"माहीत आहे मला."

"तुमच्या वळखीची होती?"

"हर्षिता. आमच्या शेजारची. शिकवणीला यायची माझ्याकडे. चौथीत होती."

आता व्यंकटला सगळं उमगलं. पोरीची आठवण येते म्हणून म्हातारी इथे येऊन बसते. त्या दिवसापासून लिंबाखाली असेपर्यंत तो फोन उचलेनासा झाला. मयताच्या घरी बसल्यासारखं वाटायचं त्याला.

त्याच महिन्यात एकदा स्टँडवरच्याच अंकुशची क्रूझर हुमनाबादकडून आली. पोरं नुकतीच रस्त्यात उतरली होती. अंकुशने हॉर्नवरचा हात काढला नाही, वेगही कमी केला नाही. पोरं दचकून मागे पळाली, एकाची चप्पल रस्त्यातच राहिली. गाडी तिच्यावरून गेली.

"आयला!" व्यंकट खाली उतरला. त्याने चप्पल उचलून पोराला नेऊन दिली. परत येऊन बसताना त्याने दार आपटलं. "कसा चालवायलाय बघा. दिसत न्हाई का त्याला?"

"आत बसलं की नाही दिसत," बाई म्हणाल्या.

आपण अंकुशला हसायचो, तुझी गाडी बैलगाडी हाय म्हणायचो, हे व्यंकटला आठवलं. त्या संध्याकाळी बाईंना सोडून परतताना पुढे एक टेम्पो होता. व्यंकट त्याच्या मागेच राहिला, थेट हुमनाबादपर्यंत.

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीच्या मालकाने त्याला कलबुर्गीच्या लाईनवर टाकलं. सोमवारपासून जायचं होतं. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून शुक्रवारीच त्याने बाईंना सांगितलं. सांगताना त्याला उगीच अपराधी वाटत होतं. शेवटची पोरं पायवाटेला लागली होती.

"तुमचं बसणं मोडायलंय माझ्यामुळं," तो म्हणाला.

"कलबुर्गीला सांभाळून चालव."

"व्हय बाई." त्याने मान खाली घातली. मग घाईने म्हणाला, "पर तुम्ही काळजी करू नका. मी भीमण्णाला सांगून ठेवलंय. लई सज्जन माणूस. चाळीसच्या वर काटा जात न्हाई त्याचा. रोज साडेतीनला येईल, हितं लिंबाखाली लावून बसंल तुमच्यासंगं."

इंदिराबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"भीमण्णा नको," त्या म्हणाल्या. "तुझ्यानंतर या रस्त्यावर सगळ्यात जोरात कोण पळवतो, त्याला सांग."