सहाच पेशंट

एका नर्सकडे सहाच पेशंट, या एका कलमाशी कराराचं घोडं अडलं होतं. युनियनच्या थोरल्या सिस्टर सकाळी दहाला चर्चेला बसल्या आणि लगेच ओळखून चुकल्या, की मॅनेजमेंटला आपल्याला पटवायचं नाहीये, दमवायचंय. साहेब तेच ते दळण दळत राहिले. पाच वाजले. साहेबांचा टाय सैल झाला, वकिलांना जांभया आवरेनात.

"सिस्टर, दमला असाल. सहाऐवजी दहा पेशंट लिहू, सही करा आणि घरी जाऊन पाठ टेका."

सिस्टरांनी टेबलाखाली ऐसपैस पाय पसरले.

"छे हो साहेब! होऊ द्या सावकाश, उद्याही येतो. बावीस वर्षांच्या नोकरीत सलग सात तास बसायला आज पहिल्यांदाच मिळालंय."